साडेदहाचं इमान

धाडच्या शाळेत नोकरी लागली आणि मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"हे घड्याळ चालते काय?" त्यांनी विचारलं.

"चालतं की. अगदी बरोबर चालतं," मी ऐटीत म्हटलं. नोकरी लागली म्हणून वडिलांनी घेऊन दिलेलं घड्याळ होतं ते. कोणीतरी विचारावं म्हणून मी शेगावपासून एसटीत बाही वर सारून बसले होते.

"मंग नाही जमनार," ते म्हणाले. "बंद असतं तं चाललं असतं."

मला आधीच राग लवकर येतो, त्यात घाट चढून आलेली, डोकं उन्हानं तापलेलं. मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हंजे असं बाई, की घरात नळ नाही, पानी इहिरीचं आनाव लागते. इंचू निंघते कदी कदी. ते समदं सांगून देतो, मांगून म्हनू नका. पन घड्याळ या उंबऱ्याच्या आत येनार नाही."

"विंचू चालतो आणि घड्याळ चालत नाही?"

"इंचू खोटं बोलत नाही," ते शांतपणे म्हणाले.

त्यांच्या मागं दारात त्यांची बायको उभी होती. गाव तिला काकी म्हणे आणि त्यांना आबा. काकी नवऱ्याच्या पाठीआडून मला हातानं खुणावत होती, की हो म्हणून टाका, मग बघू. मी हो म्हटलं. तीन वर्षं त्या घरात राहिले आणि तीन वर्षं शाळेतून येताना उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, घड्याळ काढायचं, रुमालात गुंडाळून पिशवीत घालायचं आणि पिशवी बाहेरच्या खुंटीला अडकवायची, हा माझा नेम झाला. शाळेतल्या बाकीच्या मास्तरांनी यावरून माझी जी टिंगल केली ती इथं लिहीत नाही.

त्या घरात वेळ नव्हती असं मात्र समजू नका. वेळ होती, पण एकच होती, आणि ती रोज आभाळातून जायची. मुंबईहून नागपूरला जाणारं विमान. माझ्या घड्याळात ते साडेदहाच्या सुमाराला जाई. गावाच्या दक्षिणेच्या अंगानं, पंख्यांचा घूंऽऽ आवाज करत. आबा त्याला इमान म्हणत. वावरात असले तरी हातातलं फावडं खाली टाकत, कपाळावर हात धरत आणि म्हणत, "आलं." मग मान हळूहळू मावळतीकडून उगवतीकडे फिरवत नेत आणि शेवटी म्हणत, "गेलं." इतकी वर्षं हे करून त्यांची मान जराशी मागंच कललेली राहिली होती. समोरच्या माणसाला वाटे, हा आपल्याला मोजतोय.

त्यांच्या दिवसाचे दोनच भाग होते. इमानाच्या आंधी आणि इमानाच्या मांगं. डॉक्टरनं गोळी दिवसातून तीनदा घ्यायला सांगितली, तर आबांनी त्याला विचारलं, "इमानाच्या आंधी किती अन् मांगं किती, तेवढं सांगा." चुलत नातवाचा जन्म कधीचा असं भटजींनी विचारलं, तर म्हणाले, "इमान जाऊन दोन वाफे भिजले होते." भटजींनी त्याची पत्रिका कशी मांडली ते भटजींनाच ठाऊक. पोरगा पुढं चांगला निघाला.

विमान चालवणाऱ्याला ते डायवर म्हणत. त्यांचं म्हणणं, डायवर दोन हायेत. "सोमवारचा मानूस चांगला हाय. सावकाश नेते. शुक्करवारचा घाईचा हाय, त्याले घरी कोनी वाट पाहून राह्यलं असन." मुंबईला जाऊन आलेला कोणीही भेटला की यांचा पहिला प्रश्न, "आमचं इमान दिसलं काय तिथी?" त्या माणसानं नाही म्हटलं की त्याच्या बाकीच्या गप्पांवरही यांचा विश्वास उडे. स्वतः मात्र एसटीतसुद्धा बसत नसत. एकदा बसले होते. बुलढाणा येईपर्यंत दोनदा खिडकीतून वाकले आणि पुढं म्हणू लागले, की मानसानं जमिनीवर पायी चालाव, नाही तं सरळ वरून जाव, हे मधलं काही खरं नाही.

आता हे खूळ आलं कुठून, ते सांगते. मला ते काकीनं पहिल्याच आठवड्यात, माझी भाकरी थापता थापता सांगितलं होतं.

आबांना एक धाकटा भाऊ होता. त्याला सगळे नाना म्हणत. वडील गेल्यावर वावराचे दोन भाग झाले, पण विहीर एकच. तिच्यावर एक इंजिन, तेही सामाईक. विहिरीच्या एका अंगाला आबांची वांगी, दुसऱ्या अंगाला नानांची मिरची. पावसाळा-हिवाळा पाणी दोघांना पुरून उरे. होळीनंतर मात्र विहीर रात्रभरात जेवढी भरे, तेवढी दुपारपर्यंत आटे. म्हणून पाळी ठरली. सकाळचं पाणी थोरल्याचं, मग धाकट्याचं. पाळी बदलायची वेळ कळावी म्हणून इंजिनाच्या खोपीत भिंतीवर एक घड्याळ लावलं.

त्या घड्याळानं घात केला. आबा म्हणत, नाना काटा पुढं सरकवतो. नाना म्हणत, आबा मागं सरकवतो. खरं म्हणजे ते घड्याळ स्वतःच्याच मनानं चालत असावं, पण ते कोण ऐकून घेतो! एका वैशाखात दोघं भाऊ फावडी घेऊन समोरासमोर उभे राहिले. फावडं भावावर टाकवलं नाही म्हणून आबांनी भिंतीवरचं घड्याळ उपटलं आणि विहिरीत फेकलं. "घे! पाह्य आता टाइम!" म्हणाले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मी गेले तेव्हा त्याला सात वर्षं झाली होती.

प्रकरण पंचांपुढं गेलं. पंचांत एक म्हातारा होता, तो विडी पेटवत बसला होता. तेवढ्यात वरून विमान गेलं. म्हातारा म्हणाला, "त्या इमानावर करा. त्याचे काटे कोनाच्या हातात नाहीत." झालं, सगळ्यांना पटलं. कागद लिहिला, त्यावर दोघांचे अंगठे नव्हे, चांगल्या सह्या झाल्या. तो कागद आबांच्या बिस्किटाच्या डब्यात असे. मी तो वाचला आहे. होळीपासून मृगापर्यंत सकाळचं पाणी थोरल्यानं घ्यावं आणि मुंबईचं विमान गेल्यावर धाकट्यानं घ्यावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

आणि काय सांगू, ते चाललं! विमान जाई, आबा "गेलं" असं आपल्याच मनाशी पुटपुटत आणि बाजूला होत. पलीकडून नाना फावडं घेऊन येत, मातीचा बांध फोडून पाण्याचा दांड आपल्याकडे वळवत. कोणी कोणाला चकार शब्द बोलायला नको. अगदीच काही सांगायचं असलं तर दोघं आपापल्या बैलांशी बोलत. आबा आपल्या बैलाला मोठ्यानं म्हणत, "काय रे, उद्या इंजनाले तेल लागन वाटते." पलीकडून नाना आपल्या बैलाला म्हणत, "आनतो म्हनाव. मले काय समजत नाही काय." बैल बिचारे माना हलवत. माझ्या पाहण्यात एवढे निरोप पोचवणारे बैल दुसरे नाहीत.

आबांची दुसरी खोड म्हणजे खरं बोलणं. माणसं खरं बोलतात, पण गरजेपुरतं. यांना गरज लागत नसे. एकदा गाय विकायला धाडच्या बाजारात घेऊन गेले. गिऱ्हाईक आलं, गाय त्याला आवडली. आबा म्हणाले, "लाथ मारते बरं. डाव्या अंगानं बसलं तं हमखास मारते." दुसरं आलं, त्याला म्हणाले, "दूध देते, पन मनात असन तं." तिसऱ्याला तर गायीच्या आईचे अवगुण सांगितले. तीन बाजार गाय जायची आणि संध्याकाळी परत गोठ्यात यायची. शेवटी काकीनं कपाळाला हात लावला आणि गाय राहूनच गेली. मला तिनं डाव्या अंगानंच लाथ मारली, म्हणजे माणूस खरं बोलत होता.

मी तिथं गेले त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात लढाई लागली. बुलढाण्याला म्हणे दिवे झाकायला लावले. आमच्याकडे दिवेच एवढे कमी, की झाकायला फार काही नव्हतं. पण आबांना लढाई आभाळातून कळली. एका सकाळी कपाळावर हात धरून ते उभे राहिले, उभेच राहिले, आणि विमान आलं नाही.

लढाई लवकर संपली. विमान काही लवकर आलं नाही. आमच्या हेडमास्तरांकडे वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन येई. त्यातल्या विमानाच्या सूचना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आधी छापून आलं, की विमान आठवड्यातून तीन दिवस जाईल. मग त्यातला एक दिवस रद्द झाला. मग पुढील सूचनेपर्यंत सगळंच रद्द झालं. मग सूचना आली, की आधीची सूचना रद्द. आणि फाल्गुनात बातमी आली, की विमान पुन्हा सुरू होतंय, पण दोनच दिवस, आणि तेही दुपारी. कोणी म्हणे विमानं लष्करानं नेलीत, कोणी म्हणे लोकच बसत नाहीत, भ्यायलेत. मी आपलं जे छापलंय ते वाचायची. आबा ऐकून घेत आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं खूण करत. विमान गेलं तर उभी रेघ, नाही गेलं तर गोल. होळी आली तेव्हा भिंतीवर गोलच गोल झाले होते.

आणि होळीबरोबर तो कागद लागू झाला.

पहिल्या दिवशी आबांनी सकाळी इंजिन लावलं, वांगी भिजवली, आणि नेहमीच्या सुमाराला मान वर केली. काही नाही. थोडं थांबले. मग इंजिन बंद करून बाजूला जाऊन कडुनिंबाखाली बसले. विहिरीत पाणी शिल्लक होतं. नानांनी येऊन ते घ्यायचं, एवढंच बाकी. नाना आले नाहीत. तेही त्यांच्या बाजूच्या बाभळीखाली आभाळाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः जाऊन बांध फोडला आणि दांड नानांकडे वळवून दिला. पाणी मिरचीकडे निघालं. नाना ताडकन उठले, फावड्यानं माती ओढली आणि आपल्याच मिरचीचं पाणी बंद केलं. मग बैलाला म्हणाले, "कागदात इमान लिव्हलं हाय. मेहरबानी नाही लिव्हलेली."

असे दहा-बारा दिवस गेले. विहिरीत पाणी होतं, पण आठवड्यातून दोनदा दुपारी विमान जाई तेव्हाच नाना ते घेत. मिरची फुलावर आलेली होती. नानांच्या मिरचीचं बी सगळ्या गावात जाई, तिखट पण चवीची, तिच्या ठेच्यावर मी नुसती भाकरी खाऊ शकते. ती मिरची सुकून तिचं फूल गळायला लागलं होतं. आणि दोन म्हातारे दोन झाडांखाली मान वर करून बसलेले! मला सांगा, कोणाचं डोकं फिरणार नाही? नानांची बायको एका दुपारी मागल्या दारानं माझ्याकडे आली. पदराच्या टोकात गळलेली फुलं बांधून आणली होती. ती माझ्यापुढं सोडली आणि म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हा. या दोघाईले काही सांगा न वं माय." मी ती फुलं गोळा करून परत तिच्या पदरात बांधली.

त्याच संध्याकाळी आबांनी मला पोस्टकार्ड लिहायला बसवलं. विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसचा पत्ता वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत होता. आबा भिंतीला टेकून सांगू लागले.

"लिव्हा. इमान कंपनीच्या साहेबाले धाडवरून रामराम. तुमचं इमान आंधी सकाळच्या पारी जात होतं. त्याच्यात कोनाची तक्रार नव्हती. आता तुमी त्याले दुपारी सोडून राह्यले, अन् तेही रोज नाही. त्याच्यानं इकडे नुकसान होऊन राह्यलं. तरी इमान पयल्यासारखं सकाळी सोडाव. डायवर सोमवारचाच ठेवाव."

मी लिहिता लिहिता थांबले. मला इतके दिवस वाटत होतं, की यांना यांच्या रोजच्या दिवसाची घडी मोडल्याचा त्रास होतोय. मी म्हटलं, "आबा, विमान दुपारी गेलं तर तुमचं काय बिघडतं? कागदाप्रमाणे दुपारपर्यंत पाणी तुमचंच. उलट फायदाच."

"लिव्हा, म्हटलं तेवढं लिव्हा."

"पण नुकसान कोणाचं ते लिहायला नको?"

आबांनी तोंड गोठ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "लिव्हा, एका मिरचीवाल्याचं. नाव नोका लिव्हू. त्याले समजलं तं त्या पाप्याले राग येईन."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पोस्टकार्डावर एक डागही पडला. तो शाईचा आहे असं मी त्यांना सांगितलं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. उत्तर येईल असं मला वाटलंच नव्हतं. जाड कागदावर, इंग्रजीत, छापलेलं. कुठल्या तरी कारकुनानं आमचं मराठी कार्ड न वाचताच त्याला नेहमीचं उत्तर लावून दिलं असावं. ओसरीवर पाच-सहा जण जमले आणि मी भाषांतर करून वाचलं. आपल्या प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे. सेवा टप्प्याटप्प्यानं पूर्ववत होईल. प्रवाशांनी निघण्याआधी वेळेची खात्री करून घ्यावी.

"प्रवासी म्हंजे कोन?" आबांनी विचारलं.

"पॅसेंजर. म्हणजे तुम्ही."

"मी?" आबांची मान पहिल्यांदाच सरळ झाली. "मले पॅसिंजर म्हनते ते?"

गावानं ते उचललंच. हॉटेलात, बाजारात, देवळापुढं, "या पॅसिंजर, बसा पॅसिंजर," सुरू झालं. आबांना ते मनातून आवडे. पत्र त्यांनी पंचांच्या कागदाबरोबर डब्यात ठेवलं. पण पाण्याचा प्रश्न होता तिथंच होता. टप्प्याटप्प्यानं म्हणजे कधी, हे कंपनीलाही माहीत नव्हतं. नानांच्या मिरचीचे दोन वाफे तोवर वाळून गेले होते.

शेवटी एका रविवारी माझाच तोल गेला. मी ट्रंकेत ठेवलेलं नवं पातळ नेसले, का ते विचारू नका, रागात सुचलं, आणि घड्याळ मनगटावर चढवून वावरात गेले. दोघं दोन झाडांखाली. मी विहिरीच्या काठावर उभी राहिले, घड्याळ काढून दगडावर ठेवलं आणि ओरडले, "हे बघा! साडेदहा वाजले! आता पाळी बदला, नाही तर दोघांनी एकदाच काय ते या विहिरीत जीव द्या!"

दोघंही उठून आले. सात वर्षांत, नाही, आता ती नऊ झाली होती, तर नऊ वर्षांत पहिल्यांदाच दोघं भाऊ एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते. दोघांनी दगडावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. नानांनीही मान हलवली. घड्याळाच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं.

"बाई," आबा हळू आवाजात म्हणाले, "ते उचला. इहिरीत एक हाय, तेवढं पुरे."

मी घड्याळ उचललं. विहिरीच्या पायऱ्यांवर तशीच बसून राहिले, त्या नव्या पातळात. डोळ्यांना पाणी येत होतं ते रागानं.

दोघं आपापल्या बाजूला परत गेले. पण आबा कडुनिंबाखाली बसले नाहीत. मधल्या बांधावर उभे राहिले. पलीकडे मिरची माना टाकून उभी होती, ती बघत राहिले. नंतर त्यांनी डोक्याचं पागोटं काढलं, तोंड पुसलं, पुन्हा घातलं. हात कपाळावर धरला. मान मावळतीकडे केली.

"आलं," ते म्हणाले.

मी चटकन वर पाहिलं. चैत्रातलं पांढरं आभाळ. एक घार होती, तीही लांब.

आबांची मान हळूहळू फिरली, रोज फिरायची तशीच, सावकाश, मावळतीकडून उगवतीकडे. गायीच्या आईचे अवगुण सांगणारा माणूस! मान पूर्ण फिरली आणि ते ओरडले, बैलाकडे बघून नाही, सरळ भावाकडे बघून, "गेलं रे इमान! गेलं!"

त्या दिवशी बंद न केलेल्या इंजिनाची टकटक तेवढी चाललेली. मी नानांकडे पाहत होते. मला भीती, की आता हा माणूस म्हणणार, कुठं गेलं, दाखव.

नाना बाभळीखालून बाहेर आले. त्यांनीही हात कपाळावर धरला. रिकाम्या आभाळाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "आज लय उंचावरून गेलं."

आणि फावडं घेऊन त्यांनी बांध फोडला.

त्या दिवसानंतर इमान रोज जाऊ लागलं. एकही दिवस रद्द नाही, वेळेत बदल नाही. आबा ओरडत, "गेलं रे!" नाना म्हणत, "पाह्यलं." पुढं पुढं त्यात भर पडत गेली. "आज उलिसक, वाफाभर, मांगं झालं." "डायवर नवा असन बे." "शुक्करवारचाच हाय, पाह्य ना कसा घाईत गेला." दोघं बांधावर उभे राहून त्या नसलेल्या विमानाच्या डायवरला नावं ठेवत आणि मी जर तिथं असले तर माझ्याकडे असं पाहत, की खबरदार काही बोललीस तर. मी कशाला बोलते? मीही एकदा म्हटलं, "खिडकीतून कोणीतरी हात केला वाटतं." नाना म्हणाले, "बाई, इतक्या लांबून हात कुठं दिसते. खोटं बोलू नाही मानसानं."

पुढं एका दुपारी एक गंमत झाली. दोघं विहिरीच्या काठावर भाकरी खात होते, आता एकत्र खात होते, आणि दक्षिणेकडून घूंऽऽ आवाज आला. खरं विमान. कंपनीचं, सूचनेबरहुकूम, दुपारचं. मी धावत जाऊन दाखवलं, "आबा, विमान!"

आबांनी घास तोंडात घातला आणि मान वर केलीच नाही. "ते दुसरं कोनतं तरी असन," ते म्हणाले.

मिरची वाचली. सगळी नाही, पण बियापुरती वाचली आणि वर ठेच्यालाही झाली. मृग लागला, कागदाची मुदत त्या वर्षापुरती संपली. तरी "गेलं रे" काही थांबलं नाही.

पुढच्या थंडीत हेडमास्तरांच्या वर्तमानपत्रात मी वाचलं, की मुंबई–नागपूर विमान आता रोज, पूर्वीच्याच वेळेला, सकाळी. मी ते पान मागून घेतलं आणि शाळा सुटल्यावर थेट वावरात गेले. घड्याळ पिशवीत होतं. दोघं भाऊ इंजिनाच्या खोपीपुढं विड्या ओढत बसले होते. मी पूर्ण सूचना वाचून दाखवली. मला वाटलं, आबा उडीच मारतील.

आबांनी नानांकडे पाहिलं. नानांनी आबांकडे पाहिलं.

"आता कायले?" नाना म्हणाले.

"पन कळवाव लागन," आबा म्हणाले. "आपुन तक्रार केली होती. बाई, कार्ड हाय काय?"

कार्ड होतं. मी पिशवी मांडीवर घेऊन त्यावर लिहायला बसले आणि आबा सांगू लागले.

"साहेबाले रामराम. तुमचं पत्र भेटलं. तुमी इमान सकाळचं केलं, उपकार झाले. पन आमच्यासाठी घाई करू नोका. आमचं आमी सुरू करून घेतलं. पाऊसपानी बरं हाय. मिरची चांगली हाय."

"खाली सही काय करू?" मी विचारलं. "नाव लिहू तुमचं?"

"नाव त्याईले काय समजते. पॅसिंजर लिव्हा."

मी लिहिलं. लिहून पत्ता घालायला कार्ड उलटलं, तर आबांनी हात पुढं करून थांबवलं. एकदा भावाकडे पाहिलं. नाना जमिनीकडे बघत विडी विझवत होते.

"पॅसिंजर दोन लिव्हा, बाई," आबा म्हणाले.